तेल्याची वाटी

एका गावात एक कुंभार राहायचा. त्याच्या डाव्या पोटरीवर दातांचे चार वण होते. कुणी विचारलं तर सांगायचा, "बाभळीचा काटा लागला." बाभळीला चार काटे एका ओळीत कुठून आले, असं कुणी पुढे विचारत नव्हतं. कारण विचारणाऱ्याच्या पोटरीवरही तेच वण असायचे.

ते वण तेल्याच्या कुत्र्याचे. विहिरीची वाट तेल्याच्या घाण्यावरून जायची आणि घाण्यापाशी हा भुंग्या बसलेला. वासराएवढं धूड. भुंकायचा नाही, थेट धरायचा.

तेली मात्र भला माणूस. कुत्रा चावला की तासाभरात त्याची बायको वाटीभर तिळाचं तेल घेऊन दारात हजर. आणि गावाची रीत अशी, की वाटी घेतली म्हणजे बोलणं मिटलं. पुन्हा त्याचा उच्चार करायचा नाही, चावडीवर तर नाहीच नाही. अख्ख्या गावाने वाट्या घेतल्या. थोडं तेल जखमेला लावलं, उरलेल्यात भजी तळली. असलं ते गाव!

एके दिवशी सकाळी कुंभाराची सून पाण्याला गेली ती धापा टाकत, रिकाम्या हाताने परत आली. सातवा महिना चालू होता तिचा. लुगड्याचा काठ हातभर फाटून लोंबत होता.

"मामंजी, घागर त्याच्या अंगावर टाकली म्हणून सुटले," एवढंच बोलली आणि उंबऱ्यावर बसली.

"लागलं नाही ना ग कुठे?" सासूने विचारलं.

"नाही. कापडावर निभावलं."

कुंभाराची नजर स्वतःच्या पोटरीकडे गेली. आषाढात त्यानेही वाटी घेतली होती. तेव्हाच तोंड उघडलं असतं तर आज ही पोर अशी थरथरत बसली असती का?

तेवढ्यात तेलीण आलीच. "घ्या भावजी, आत्ताच काढलंय."

"वहिनी, वाटी परत न्या."

तेलीण वाटीकडे बघतच राहिली. कुंभारीण नवऱ्याला चिमटा काढून पुटपुटली, "अहो, वाटी परत पाठवली म्हणजे वैर झालं! लहानपणापासूनचा सोबती तुमचा. उद्या दिव्याला तेल कोण देईल?"

"अंधारात बसू," कुंभार म्हणाला, आणि पागोटं डोक्यावर ठेवून तडक चावडीवर गेला.

पाटलाने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "कुंभारा, पाच वर्षांत त्या कुत्र्याची एक तक्रार नाही माझ्याकडे. गरीब जनावर दिसतंय."

चावडीवर बसलेल्यांनी हळूच आपापली धोतरं खाली ओढली.

कुंभाराने मात्र आपलं वर केलं. "हा बाभळीचा काटा नाही, पाटीलबाबा. तेल घेतलं आणि खोटं बोललो मी. आता या बाकीच्यांचे काटेही बघून घ्या."

आधी न्हाव्याने धोतर वर केलं. मग सुताराने. मग सगळ्यांनीच. शेवटी कोतवालाने केलं. गावाची खबर पाटलाला द्यायची, हेच ज्याचं काम, त्याने!

"अरे, तुला पण?" पाटील ओरडला.

"तेल चांगलं होतं, पाटील," कोतवाल खाली बघत म्हणाला.

तेल्याला बोलावणं गेलं. तो आला, तेव्हा कुंभाराला त्याच्याकडे बघवेना. झालं, मैत्री संपली, असं त्याच्या मनाने घेतलं.

तेल्याने बाराबंदीच्या दोन्ही बाह्या वर सारल्या. कोपरापर्यंत वणच वण.

"मला तरी कुठे सोडतो तो?" तेली म्हणाला. "माझा बैल घाण्याला धड जुंपून घेत नाही भीतीने. पिल्लापासून वाढवलाय, हाताने घालवायला जीव होत नाही. कुणी तक्रार केली असती तर पाटलांचा हुकूम म्हणून देऊन टाकला असता. पण तुम्ही सगळे वाटी घेऊन गप्प! मला वाटलं, गावाचं काही म्हणणं नाही, माझंच काळीज लहान."

पाटलाने डोक्याला हात लावला. मग डोंगरावरच्या धनगराला बोलावून घेतलं. त्याच्या मेंढ्यांवर लांडगे तुटून पडायचे आणि तिकडे माणसांची वाट नव्हती. धनगराने भुंग्याच्या अंगावर घोंगडी टाकली, तोंडाला मुसकं बांधलं आणि त्याला गाडीत घातलं. "तिथे तुला चावायला भरपूर आहे, राजा," तो म्हणाला. गाडी दिसेनाशी होईपर्यंत तेली उभा होता. मग त्याने असा श्वास सोडला, की कुंभाराला हसूच आलं.

दुसऱ्या दिवशी सून नवी घागर घेऊन घाण्यावरूनच पाण्याला गेली आणि रमतगमत परत आली. तिच्या मागोमाग तेलीण वाटी घेऊन.

"आता तरी घ्याल का, भावजी?"

"आता द्या," कुंभार म्हणाला. "आणि वाटी जरा मोठी आणायची होती. सुनेला भज्यांचे डोहाळे लागलेत."

तात्पर्य: चावणाऱ्या कुत्र्याची खबर पहिल्याच चाव्याला चावडीवर द्यावी. मालकाला वाईट वाटेल म्हणून जो गप्प बसतो, तो पुढच्या माणसाची पोटरी कुत्र्याच्या तोंडात देतो.