तिसऱ्या निवडताना

"तुम्ही तिला शिकवता तरी काय?"

भागीमावशी चिखलात वाकल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कोणाला गो?"

"माझ्या मुलीला. जुईला."

"मी? काहीच नाही."

त्यांची बोटं चिखलात फिरली, एक तिसरी, छोटीशी शिंपली, वर आली, पाण्यात विसळून बांबूच्या रोवळीत पडली. मग दुसरी.

संयोगिता खांबेटे काठावर उभी होती. पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. तिची डॉक्टरेट याच खाडीतल्या शिंपल्यांवर होती. पुण्याच्या शाळेत प्रश्न विचारला म्हणून जुईला तासभर वर्गाबाहेर उभं केलं, त्याच आठवड्यात संयोगितेने तिचं नाव काढलं आणि नऊ वर्षांच्या पोरीला घेऊन माडवेळला येऊन राहिली. मुलीला घरीच शिकवायचं, आणि खिडकीतून जे दिसतं तेच शिकवायचं, असं तिने ठरवलं होतं. दोन महिने विषय एकच होता : मृदुकाय प्राणी. शंख, शिंपले, गोगलगाई, माकूल.

"ती रोज सकाळी तुमच्या मागे येते," संयोगिता म्हणाली. "मी गच्चीवरून बघते. सारखी बोलत असते तुमच्याशी. हात हलवून हलवून. घरी आली की…"

"घरी आली की काय?"

"मुकी. धड्याला बसते. मी विचारलं तर उत्तर देते, बरोबर देते. पण स्वतःहून एक शब्द नाही."

मावशींनी कंबर सरळ केली. सत्तरीच्या बाई. लुगड्याचा काचा मारलेला, कोपरापर्यंत चिखल.

"तू काय शिकवतेस तिला?"

संयोगिता याच प्रश्नाची वाट बघत होती. तिने सांगितलं. भिंतीवर लावलेले बेचाळीस तक्ते. कापसावर मांडलेले साठ शंख, प्रत्येकाखाली नाव. मातीचा शिंपला, उघडला की आतले अवयव वेगवेगळ्या रंगांत. शहरातल्या कुठल्याही शाळेत नसेल असं सगळं.

मावशी लक्ष देऊन ऐकत होत्या.

"खूप केलंस गो," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच संयोगितेला ते जास्त लागलं.

"मग चुकतं कुठे?"

"मला काय ठाऊक बाय? मी कधी शाळेत गेले नाही."

"ती तुमच्याशी काय बोलते, ते तरी सांगा."

"ते तिचं तिला विचार."

दूर खाजणाच्या दलदलीत एक बगळा एका पायावर उभा होता.

"एक कर," मावशी शेवटी म्हणाल्या. "आठ दिवस तिला कसलंही नाव सांगू नकोस. शंखाचं नाही, शिंपल्याचं नाही. तिच्यासोबत नुसती बस."

"आणि तिने विचारलं तर?"

मावशी पुन्हा वाकल्या होत्या.

*

पहिले दोन दिवस संयोगितेला वाटलं, आपल्याला ताप येणार. जुई अंगणात बसून शंख उलटेसुलटे करायची आणि संयोगितेच्या जिभेवर नावं येऊन थांबायची. ती उठून चहा करायची. दिवसाला सहा-सात चहा झाले.

तिसऱ्या दिवशी नवऱ्याचा, मकरंदचा, पुण्याहून फोन आला. तालुक्याच्या शाळेत प्रवेश चालू आहेत, शुक्रवार शेवटचा. "हट्ट किती करायचा, तूच ठरव," तो म्हणाला. त्याने आवाज चढवला असता तर तिला भांडता आलं असतं.

पाचव्या दिवशी जुईने आईकडे बघितलं. "आज धडा नाही?"

"नाही."

"उद्या?"

"बघू."

जुई थोडी सरकली. आईच्या गुडघ्याला तिचा खांदा लागला. तशीच बसून राहिली.

सहाव्या दिवशी दुपारी जुईच्या हातात एक मोठा शिंपला होता. तिने त्याच्या पाठीवरून नख फिरवलं. खर्र, खर्र, खर्र. मग थांबली. पुन्हा फिरवलं, या वेळी हळू.

"आई… ही शिंप इथे एवढीशी होती."

संयोगितेने श्वास रोखला.

"मग एवढी झाली. मग एवढी." नख एकेका रेघेवर थांबत काठापर्यंत आलं. "हिने जुनं घर टाकलंच नाही. त्यालाच वाढवत गेली. आई, आणि इथे बघ, इथे रेघा दाट आहेत. इथे हिला काहीतरी…"

"बरोबर!" संयोगिता ओरडलीच. "अगदी बरोबर! त्यांना वाढरेषा म्हणतात. थांब, तुला दाखवते. खाणं कमी मिळालं, पाण्यातलं मीठ कमी-जास्त झालं की वाढ मंदावते, म्हणून त्या दाट होतात. झाडाच्या खोडात जशी वर्तुळं असतात ना, तशाच. आणि हा जो बाहेरचा थर आहे…"

ती उठून तक्ता आणायला गेली. येईपर्यंत तिचं बोलणं चालूच होतं.

परत आली तेव्हा शिंपला पायरीवर ठेवलेला होता. जुई त्याच्याकडे बघत नव्हती.

"जुई, तू काय म्हणत होतीस? हिला काहीतरी… काय?"

"काही नाही."

"सांग ना."

"वाढरेषा," जुई म्हणाली. आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली.

संयोगिता तक्ता हातात धरून उभी राहिली. त्या रेघांवर तिने प्रबंधात अठरा पानं लिहिली होती. पण त्या ठिकाणी त्या जिवाला काय झालं असेल, असं तिच्या मनात कधी आलं नव्हतं. आणि ज्या पोरीच्या मनात आलं होतं, ती आता सांगणार नव्हती.

*

शुक्रवारी सकाळी संयोगिता मावशींच्या अंगणात आली. खांद्याला पिशवी, पिशवीत भरलेला प्रवेशाचा अर्ज. साडेअकराची एसटी पकडायची होती. जुई शेजारच्या घरी मांजरीची पिल्लं बघायला गेली होती.

मावशी पडवीत बसल्या होत्या. पुढ्यात रोवळीभर तिसऱ्या, एका बाजूला पाण्याचा टोप, दुसऱ्या बाजूला मोडकी बांबूची पाटी.

"मला नाही जमलं," संयोगिता म्हणाली.

"बस."

"बसायला वेळ नाही. गाडी आहे. मी तिला शाळेत घालते." तिचा आवाज चिरकला. "पाच दिवस तोंड बंद ठेवलं मावशी. सहाव्या दिवशी ती उघडली. स्वतःहून. इतकं सुंदर काहीतरी सांगत होती… आणि मी मध्येच बोलले. तिने तोंड मिटून घेतलं. माझ्या डोळ्यांसमोर मिटून घेतलं. आता ती माझ्यापुढे पुन्हा उघडणार नाही. मी शिकवायच्या लायकीची नाही."

मावशींनी रोवळीतली एक तिसरी उचलली. रात्रभर पाण्याबाहेर राहून तिची शिंप जराशी उघडी पडली होती. मावशींनी तिच्यावर नखाने टिचकी मारली.

शिंप हळूच मिटली.

मावशींनी ती टोपात टाकली.

दुसरी उचलली. तीही उघडीच. टिचकी. काही झालं नाही. पुन्हा टिचकी. शिंप उघडी ती उघडीच. मावशींनी ती पाटीत फेकली.

तिसरी. टिचकी. मिटली. टोपात.

संयोगिता बघत राहिली. मग सवयीने म्हणाली, "धक्का बसला की आतले स्नायू आकसतात. दोन स्नायू असतात…"

"असतील," मावशी म्हणाल्या. "मला स्नायू ठाऊक नाहीत. मिटली ती जिवंत, ती ठेवायची, तेवढं ठाऊक आहे."

टिचकी. टोप. टिचकी. टिचकी. पाटी.

"तू म्हणालीस, पोरगी मिटली."

"हो."

"तू बोट लावल्यावर."

"…हो."

मावशींनी पुढची तिसरी उचलली आणि टिचकी न मारता संयोगितेच्या तळहातावर ठेवली. शिंप उघडी होती. फटीतून आतलं ओलं, फिकट काहीतरी दिसत होतं.

संयोगितेने अशा हजारो शिंपा हाताळल्या होत्या. मोजल्या होत्या, चिरल्या होत्या, काचेखाली ठेवल्या होत्या. आता तिचं बोट वर गेलं आणि थांबलं. ही मिटली नाही तर?

तिने टिचकी मारली.

क्षणभर काहीच नाही.

मग हातातली शिंप मिटली. घट्ट. तळहाताला त्याचा बारीकसा झटका लागला.

संयोगितेने मूठ बंद केली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते तिने पुसले नाहीत.

वळणावर एसटीचा हॉर्न वाजला.

"तुझी गाडी," मावशी म्हणाल्या.

संयोगिता जागची हलली नाही. गाडी थांब्यावर थांबली, कोणीतरी चढलं, दार आपटलं. गाडी घाटीकडे निघून गेली. 

मग संयोगितेने पिशवी भिंतीला टेकवली, बूट काढले आणि पडवीत मांडी घातली. रोवळी मध्ये ओढली. दोघी निवडत राहिल्या. टिचकी. टोप. टिचकी. पाटी. एकदा ती काही सांगायला तोंड उघडणार होती… नाही उघडलं.

रोवळी रिकामी झाली तेव्हा ऊन पडवीच्या कडेला आलं होतं. मावशींनी टोपातल्या दोन मुठी तिसऱ्या केळीच्या पानात बांधून तिच्यापुढे ठेवल्या.

"घेऊन जा."

"आमच्याकडे खात नाहीत मावशी."

"खायला कोण सांगतंय?"

संयोगितेने पुडी ओंजळीत घेतली. जिवंत, घट्ट मिटलेल्या तिसऱ्या. पानाआडूनही त्यांचा गारवा लागत होता.

"मग यांचं काय करू?"

मावशी पाटी उचलून उठल्या होत्या. उंबऱ्यापाशी थांबल्या.

"खाडीच्या पाण्यात ठेव. सावलीत. आपण होऊन उघडतील. आणि वर वाकून बघत बसू नकोस."