खालचा गुंता

कापड वारावर विकलं जायचं, त्या काळी शिवणकारखान्यातल्या एका मोठ्या मशीनच्या पोटात खालचा दोरा पुरवणारी एक बॉबिन राहायची. एके दिवशी कापडाच्या खालच्या अंगाला दोऱ्याचे गुंतेच गुंते येऊ लागले.

“गुंता खाली, म्हणजे पाप खालचीचंच!” वर दिमाखात बसलेली, दोऱ्याला ताण देणारी चकती म्हणाली. सुईनेही तिचीच री ओढली. शिवणाऱ्या हौसाबाईंनी बॉबिन तीनदा काढली, झटकली, पुन्हा भरली. गुंता तसाच. बॉबिनचा जीव थाऱ्यावर राहिना. ‘माझंच काही चुकत असेल का?’ गरागरा फिरता फिरता ती स्वतःलाच तपासत राहिली.

शेवटी म्हातारे दाऊदमिस्त्री आले. “बाई, वरचा दोरा सैल सुटला की तो खालीच गोळा होतो. आधी वर बघावं.” त्यांनी ढिली पडलेली चकती आवळली आणि टाका सरळ पडला.

महिन्याभराने गुंता कापडाच्या वरच्या अंगाला आला.

“ही चकतीच लबाड!” सुई किंचाळली. हौसाबाईंचा हात चकतीकडे गेला, तेवढ्यात खालून आवाज आला, “थांबा, तिला पिळू नका. या खेपेला माझाच दोरा सैल सुटतोय.”