हौसाबाईची कणगी

ज्या घरात सकाळ-संध्याकाळ केरसुणी फिरते, त्या घरात माणसाला बसायला जागा नाही, असं कधी होईल का? तुम्ही म्हणाल, छे, कसं होईल? पण डोंगराच्या कुशीतल्या एका गावात असं एक घर होतं खरं.

त्या गावाची एक रीत होती. फाल्गुन सरत आला, कडुनिंबाला मोहर धरला, की घरोघरी भिंतींना पांढरी माती लागे, भुई सारवली जाई. आणि वर्षभरात ज्या वस्तूला हात लागला नाही, ती वस्तू लोक वेशीजवळच्या वडाच्या पारावर नेऊन ठेवत. ज्याला हवी असेल त्याने ती न विचारता उचलावी. घेणाऱ्याने लाजू नये, देणाऱ्याने मागे वळून पाहू नये. पाडव्याच्या आत पार रिकामा व्हायचा आणि गाव हलकं होऊन नव्या वर्षाला सामोरं जायचं.

या गावात हौसाबाई नावाची एक विधवा राहत होती. हात कामसू, जीव मायाळू. पण पारावर काही उरलेलं दिसलं की तिचं पाऊल अडे. कान तुटलेली कढई, दांडा नसलेली रवी, उसवलेलं सूप. "अगं बाई, चांगलं आहे की अजून," असं म्हणून ती ते पदराखाली घेई आणि घरी आणी. नुसतं आणून टाकत नसे. सूप शिवी, रवीला दांडा बसवी, कढई चिंचेने घासून लख्ख करी आणि ओळीने मांडून ठेवी. मग त्या वस्तूला पुन्हा हात लागे तो पुसण्यापुरताच.

अशी वर्षं गेली. गावाने सोडलेलं सगळं हौसाबाईच्या घरात येऊन चमकू लागलं. शेजारची कोंडाबाई दारातूनच बोले. "हौसा, तुझ्याकडे यायचं तर पाय बाहेर काढून ठेवावे लागतात बघ. आत त्यांना जागा नाही."

हौसाबाई हसून म्हणे, "असू दे गं. कधी तरी लागतंच."

खिडकीच्या खोलीत तर एक भली मोठी कणगी होती. तिच्या नवऱ्याने ती विणली होती, त्याच खोलीत बसून, बांबूच्या कांबट्यांची. इतकी मोठी की ती उभी राहिली आणि खिडकी झाकली गेली. तो असताना ती ज्वारीने काठोकाठ भरे. तो गेल्यावर शेत वाट्याने दिलं, धान्य मडक्यात मावेल एवढंच येऊ लागलं. कणगीत मग चिंध्या गेल्या, फुटके डबे गेले, दोऱ्या गेल्या. हौसाबाई रोज तिच्यावर ओला हात फिरवी. झोपलेल्या माणसावरून फिरवावा, तसा.

त्या वर्षी तिची एकुलती एक लेक सगुणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. हौसाबाईला आनंद मावेना. तिने घर झाडलं, पुसलं, एकूणएक भांडं घासलं. पाडवा तीन दिवसांवर असताना बैलगाडी दारात आली. सगुणेला सोडायला तिचे सासरे आबाजी स्वतः आले होते.

सगुणा जपून गाडीतून उतरली. उंबरा ओलांडून आत गेली आणि उभीच राहिली. पुढे जावं तर परातींची उतरंड, बाजूला सरावं तर पाट्यांची रांग. खिडकीच्या खोलीत बाज टाकायची, तर तिथे कणगी.

"आई, मी बसू कुठे?"

"अगं बस की, ते सूप सरकव. नको, त्यावर रवी आहे. थांब, मी बघते."

हौसाबाईने एक वस्तू उचलली, ठेवायला जागा मिळेना म्हणून दुसरी उचलली, मग दोन्ही हातांत घेऊन ती तशीच थांबली. सगुणा हसली, पण तिचे डोळे भरले होते. "राहू दे आई. घोडी झोपते तशी उभ्यानेच झोपेन मी."

आबाजी ओट्यावरून सगळं बघत होते. माणूस भला, पण शब्दाचा चोख. "विहीणबाई, घर आरशासारखं लखलखतंय. पण आरशात कुणाला निजता येत नाही. इथे बाज कुठे पडणार, शेगडी कुठे, पाळणा कुठे? परवा अमावास्या. अवघडलेल्या पोरीला त्या दिवशी मी वाटेवर ठेवणार नाही. म्हणून उद्या सकाळी गाडी जुंपतो. जागा झाली तर पोर तुमची. नाही झाली, तर माझ्याबरोबर परत."

ते बैल घेऊन पाराकडे गेले. सगुणा टेकायला कोंडाबाईकडे गेली. माहेरी आलेली लेक शेजारणीच्या घरी टेकली, हे हौसाबाईच्या काळजाला फार लागलं. ती कणगीला पाठ लावून भुईवर बसली. बाहेर दुपार पिकली होती. निंबाच्या मोहराचा कडवट-गोड वास कुठून तरी आत झिरपत होता. रडता रडता तिचा डोळा लागला.

स्वप्नात ती पाराकडे चालली होती. हात रिकामे, पाय हलके. ऊन हळदीच्या दुधासारखं होतं आणि वडाची पानं आवाज न करता हलत होती. पारावर एकही वस्तू नव्हती. एक बाई तेवढी गुडघे जवळ घेऊन बसली होती. तिच्या हातांना ओलं सारवण लागलेलं, कपाळावर गेरूची रेघ, केस गवताने शाकारल्यासारखे. ओळखीची वाटत होती, पण नाव आठवेना.

"तू कुणाची गं?" हौसाबाईने विचारलं.

"तुझीच. मी तुझं घर."

"मग इथे का बसलीस?"

"आत मला जागा कुठे आहे? उभी राहून राहून पाय दुखले. म्हटलं, पारावर बसावं. कुणाला हवी असेन तर नेईल." बाई थोडी सरकली आणि शेजारची जागा तिने हाताने पुसली. "लेक आलीय म्हणे. तिलाही इथेच पाठव. दोघी बसू."

हौसाबाई म्हणाली, "भांडी काढते मी. सगळी काढते. पण कणगी कशी काढू? ती त्यांनी विणलीय."

"हो ना," बाई शांतपणे म्हणाली. "धान्यासाठी विणली होती."

हौसाबाई जागी झाली. ऊन अजून कललं नव्हतं. तिने पदर खोचला, पहिली परात उचलली आणि पाराकडे चालू लागली. मग दुसरी. मग सुपं, रव्या, कढया. गावातल्या बाया आपापल्या दारात आल्या. कोंडाबाई तर पारावर धावली आणि एक सूप उलटसुलट करून बघू लागली.

"अगो, हे तर माझंच. मी टाकलं तेव्हा चाळणी झाली होती त्याची. हौसा, तू शिवलंस?"

"शिवलं खरं. पाखडलं मात्र कधी नाही. तू ने आता."

ज्यांनी टाकलं होतं त्यांनी नेलं, ज्यांच्याकडे नव्हतं त्यांनीही नेलं. वस्तू पारावर टेकायच्या आत उचलल्या जात होत्या. हौसाबाईने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

शेवटी राहिली कणगी. आतल्या चिंध्या निघाल्या, डबे निघाले. आबाजी आणि वाटेने जाणारे दोघे हात द्यायला आले. कणगी आडवी केली, तिरपी केली, पण ती दारातून जाईना. दारापेक्षा तीच मोठी. आत जन्मलेली कणगी, बाहेरचं जग तिने पाहिलंच नव्हतं.

"तोडावी लागेल, विहीणबाई," आबाजी हळूच म्हणाले. त्यांनाही ते बोलणं जड गेलं. "कोयता आणू का? तुम्ही हवं तर बाहेर थांबा."

हौसाबाईने मान हलवली. "कोयता नको. ते विणत होते तेव्हा एकेक कांबटी मी हातात दिली होती. आता एकेक मीच परत घेते."

तिने कणगीवर पाणी शिंपडलं. सुकलेलं लिंपण पोपडे धरून गळून पडलं. मग वरच्या काठाची गाठ तिने सोडवली आणि वीण उलटी उसवायला बसली. कांबटीमागून कांबटी सुटत गेली. प्रत्येकीला नवऱ्याच्या बोटांनी दिलेला बाक होता. हौसाबाई तो बाक क्षणभर चाचपी आणि कांबटी बाजूला ठेवी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हात थांबत नव्हते. कणगी अर्ध्यावर आली तेव्हा खिडकी उघडी पडली आणि कित्येक वर्षं बाहेर थांबलेलं ऊन समोरच्या भिंतीवर येऊन टेकलं. सगळ्यात खालच्या विणीतून ज्वारीचे थोडे दाणे घरंगळले. एक चिमणी खिडकीत उतरली, तिने खोलीभर नजर फिरवली आणि दाणे टिपू लागली.

आबाजींनी टोपी काढली आणि कांबट्यांची मोळी खांद्यावर घेऊन बाहेर नेली.

दिवेलागणीपूर्वी हौसाबाईने ती खोली सारवली. मधोमध बाज टाकली, उशाला घोंगडी ठेवली. मग ती दाराशी उभी राहून रिकाम्या खोलीकडे बघत राहिली. खोली संथ श्वास घेत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबाजी रिकामी गाडी घेऊन परत गेले, आणि सगुणा खिडकीच्या खोलीतल्या बाजेवर दिवस चांगला वर येईपर्यंत झोपली होती.

तात्पर्य: धूळ झाडली की घर स्वच्छ होतं. पण जीव जडलेली, काम संपलेली वस्तू निरोप देऊन सोडली आणि येणाऱ्या माणसाला जागा केली, तरच घरात नवं वर्ष येतं.