सरदाराला चोराचा वास येतो

खाडीकाठच्या एका गावात अण्णा खोतांचा सरदार नावाचा दांडगा कुत्रा मोकाट हिंडे. तुळसाआत्या आपल्या चिंगीला फिरवायला निघाली की तो धावून येई, आणि आत्या त्या टीचभर कुत्रीला पदराखाली घेऊन कुंपणाला चिकटून उभी राही. तिने गाऱ्हाणं नेलं, तर खोत चारचौघांत म्हणाले, "आमचा सरदार भल्या माणसाच्या अंगावर जात नाही. चोराचा वास त्याला बरोबर येतो."

झालं. आत्या दिसली की लोक परसातले नारळ मोजू लागले.

पुढे अधिक महिन्याचं वाण घ्यायला खोतांचे नवे जावई आले. फाटकातच सरदाराने त्यांच्या धोतराचा सोगा पकडला. जावई आंब्यावर चढले, सोगा खालीच राहिला. खोत काठी घेऊन सरदारावर धावले.

आत्या चिंगीला घेऊन रस्त्यातच उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "अण्णा, मुक्या जिवाला कशाला मारता? त्याने त्याचं काम केलं. आधी जावईबापूंची झडती घ्या."

पहिलं हसू आंब्यावरूनच ऐकू आलं.

दुसऱ्या दिवसापासून सरदार साखळीने फिरू लागला. साखळीचं दुसरं टोक खोतांच्या हातात असे, आणि आत्या नि चिंगी समोरून आल्या की खोतच कुंपणाला चिकटून उभे राहत.