थोरलीची उडी

बालमित्रांनो, एका डोंगराच्या कुशीतल्या दाट रानात, उंच बेहड्याच्या शेंड्यावर एक शेकरी राहत असे. शेकरू म्हणजे मोठी, तांबूस, झुपकेदार शेपटीची खार. जमिनीवर ती क्वचितच उतरते. तिचा सारा संसार झाडावरच. या शेकरीला दोन पिल्ले होती. थोरली मुलगी अंगाने सडपातळ आणि पायाने चपळ, तर धाकटा मुलगा अजून फांदी धरून धरून चालणारा. शेकरी मोठी कष्टाळू होती. सकाळी उठून फळे आणावीत, बिया फोडाव्यात आणि दुपारी घरट्याच्या सुकलेल्या काड्या काढून ताज्या डहाळ्या विणाव्यात, असा तिचा नेम होता. शेकरूच्या घरट्यावरून रोज हात फिरला नाही, तर ते तळातून विरत जाते.

त्या रानात उंबराखाली शाळा भरे. तिथे खेळ शिकवायला एक वानरगुरुजी होते. ओढ्यापलीकडच्या रानाशी दरवर्षी उड्यांची शर्यत होई आणि दरवर्षी अलीकडचे रान हरे. गुरुजींना त्याचे फार वाईट वाटे. एकदा त्यांनी थोरलीला सागावरून ऐनावर झेपावताना पाहिले आणि ते जागच्या जागी थांबले. त्याच संध्याकाळी ते शेकरीकडे गेले आणि म्हणाले, "बाई, ही पोर रानाचं नाव काढेल. फक्त घरून थोडी साथ हवी." शेकरीला कोण आनंद झाला. तिने लगेच होकार दिला.

थोडी म्हणजे किती, हे मात्र तेव्हा कुणीच बोलले नाही. आधी गुरुजींनी सांगितले, की अंगात बळ यायला हवे, तर रोज बेहड्याच्या बियांचा गर पोटात गेला पाहिजे. त्या बियांचे कवच दगडासारखे. ते फोडता फोडता शेकरीचे दात दुखू लागले. मग गुरुजी म्हणाले, की फांदीवर पाय घसरू नये म्हणून तळव्यांना धावड्याचा डिंक लावावा. धावडा होता कड्याच्या टोकावर. तिथे जाऊन यायला शेकरीची अर्धी सकाळ जाई. पुढे सराव डोंगरापलीकडच्या झाडांवर सुरू झाला. वाटेत डोक्यावर गरुड घिरट्या घाली, म्हणून लेकीला एकटीला सोडायची सोय नव्हती. शेकरी तिच्याबरोबर जाई आणि सराव संपेपर्यंत तिथेच बसून राही.

धाकटा घरट्यात एकटाच असे. मलाही ने, असा हट्ट त्याने सुरुवातीला केला, पण पुढे तोही सोडून दिला. त्याच्यासाठी ठेवलेली फळे दिवसेंदिवस कमी होत गेली. घरट्याच्या काड्या बदलायला शेकरीला सवड मिळेना. एकदा थोरली जिंकली, की सगळे भरून निघेल, असे ती मनाला समजावी आणि पुन्हा बिया फोडायला बसे.

इकडे रानभर थोरलीचे नाव झाले. शेजारच्या झाडाच्या ढोलीत धनेश पक्ष्याचे बिऱ्हाड होते. त्याची बायको अंडी उबवण्यासाठी ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन बसली होती आणि धनेश दिवसभर उंबरे आणून तिला भरवत होता. येणाऱ्याजाणाऱ्याला तो मोठ्या तोऱ्यात सांगे, की ही पोर आमच्या शेजारची. एकदा शेकरीने त्याला विनवले, की तुमची ये-जा इथूनच असते, तर धाकट्याकडे जरा बघत जा. धनेश म्हणाला, "वहिनी, मलाच माझं आवरत नाही. खेळ तुमच्या लेकीचा, तेव्हा धावपळही तुमचीच." त्याची ओढाताण शेकरीला दिसत होती. ती पुन्हा बिया फोडायला गेली.

आणि मग व्हायचे तेच झाले. एके दुपारी सराव आटोपून मायलेकी परतल्या, तेव्हा घरट्याला तळच नव्हता. धाकटा खाली कारवीच्या झुडपात सापडला. कारवीने त्याला झेलले म्हणून तो वाचला, पण मागचा पाय चांगलाच सुजला होता. शेकरीने त्याला उचलून वर आणले, पायावर पाला बांधला. तो रडत नव्हता. काड्या सुटत आहेत हे त्याला सकाळीच कळले होते, असे त्याने हळूहळू सांगितले. "मग बोलला का नाहीस रे?" आईने विचारले. तो म्हणाला, "ताईला उशीर झाला असता."

थोरलीने ते ऐकले. ती उठली, फांदीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि तळव्यांचा डिंक खोडावर घासून काढला.

दुसऱ्या दिवशी ती सरावाला गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तेव्हा गुरुजी तरातरा बेहड्यावर आले. त्यांच्या मागोमाग काही वानरे आली, आणि काय चालले आहे ते बघायला धनेशही जवळच्या फांदीवर बसला. गुरुजी म्हणाले, की शर्यत तोंडावर आली आहे, आता माघार घेतली तर साऱ्या रानाची अब्रू जाईल.

शेकरी घरटे विणत होती. तिने हातातली डहाळी खाली ठेवली नाही.

"अब्रू रानाची आहे ना, गुरुजी? मग घरटं एकटं माझंच का उसवलं?" ती म्हणाली. "पोर उडी मारते तेव्हा ती सगळ्यांची असते. डिंक आणायचा असतो तेव्हा ती माझी एकटीची होते."

तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. गुरुजींनी धाकट्याच्या पायाकडे पाहिले, बिनतळाच्या घरट्याकडे पाहिले आणि ते फांदीवर बसले. खेळणाऱ्याला काय काय लागते ते त्यांनी आजवर बिनचूक सांगितले होते. ते येते कुठून, हे कधी विचारले नव्हते. शिवाय डोंगरापलीकडची झाडे त्यांच्या स्वतःच्या घराजवळची होती. सराव तिकडे नेला तो आपल्याच सोयीसाठी, हे त्यांना आता मनोमन कबूल करावे लागले.

दुसऱ्या दिवसापासून सराव बेहड्याच्या अवतीभवती, तिथल्याच साग-ऐनांवर होऊ लागला. कड्यावरचा डिंक आणायचे काम वानरांनी अंगावर घेतले. त्यांना तो कडा म्हणजे खेळच होता. गराचे काय करायचे, असे शेकरीने विचारले, तेव्हा गुरुजी खाली बघत म्हणाले, की तसे पाहिले तर उंबरेही चालतील. धनेशाला आपल्या बोलण्याची लाज वाटत होती. ढोलीकडे जाताना एखादे उंबर तो धाकट्यापुढे टाकू लागला आणि घटकाभर थांबून पायाची विचारपूसही करू लागला. शेकरीचे दात दुखायचे थांबले. घरट्याला नवा तळ आला.

शर्यतीच्या दिवशी दोन्ही रानांतले प्राणी ओढ्याकाठी जमले. धाकटा आईच्या पाठीवर बसून आला होता. थोरलीने अशी झेप घेतली, की पलीकडच्या रानातल्यांनीही माना वर केल्या. आजवर इतकी लांब उडी तिने कधीच मारली नव्हती. पण पलीकडच्या रानाचा शेकरू तिच्याहूनही एक फांदी पुढे पोहोचला. अलीकडचे रान पुन्हा हरले.

आता इतक्या खटाटोपाचे काय झाले, असे कुणीतरी विचारील, या भीतीने शेकरी एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागली. तसे कुणी विचारले नाही. गुरुजी थोरलीपाशी गेले आणि झेप घेताना तिचा मागचा पाय कुठे उशिरा सुटला, ते समजावू लागले. तीही मान हलवून ऐकत होती. वानरे आपसात पुढच्या वर्षीच्या गोष्टी बोलू लागली.

धनेश शेकरीच्या शेजारच्या फांदीवर येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "थोडक्यात हरलो आपण, वहिनी."

त्यातला 'आपण' हा शब्द शेकरीने ऐकला आणि तिचा जीव भांड्यात पडला. ती हार सगळ्यांच्या वाट्याला थोडी थोडी आली होती, म्हणून कुणा एकाला जड गेली नाही.

तात्पर्य : मुलांच्या खेळाचा अभिमान साऱ्यांना हवा असेल, तर त्याचा भारही साऱ्यांनी मिळून उचलावा, एकाच घराला झिजवून मिळवलेले यश फार महाग पडते.