रेघेवर आठ बोटे पाणी

फार जुनी गोष्ट आहे. समुद्र तेव्हाही खाराच होता, आणि माणसे आजच्याइतकीच शहाणी होती. मुलांनो, आणि मुलांच्या आडून ऐकणाऱ्या मोठ्या माणसांनो, नीट ऐका.

एका खाडीच्या काठी एक बंदर होते. तिथून गलबते माल भरून निघत, खाडीच्या तोंडातून समुद्रात जात आणि दूरदूरच्या बंदरांना लागत. बरीचशी परत येत. काही येत नसत. जी येत नसत त्यांच्याबद्दल लोक म्हणत, "समुद्राने नेले." असे म्हटले की कुणाला दोष द्यावा लागत नाही, म्हणून ते सगळ्यांच्या सोयीचे होते.

या बंदरात एक रीत होती. नवे गलबत बांधून झाले की सुतार त्यात दगड भरून ते पाण्यात किती बसते ते पाही. मग चुना आणि तेल खलून गलबताच्या अंगावर एक पांढरी रेघ ओढी. पाणी रेघेला टेकले की माल पुरे, पुढे एक गोणीही चढवायची नाही. गलबत निघायच्या दिवशी सुतार लहान होडीतून त्याच्याजवळ जाई, रेघेवर तळहात ठेवी आणि मोठ्याने म्हणे, "दिसते!" तो शब्द कानावर पडल्याशिवाय खलाशी नांगर उचलत नसत.

आता यात एक बारीक गोष्ट होती, आणि सगळी गडबड तिथेच झाली. खाडीत नदीचे गोडे पाणी असे. गोड्या पाण्यात गलबत जरा जास्त बसते आणि खाऱ्या पाण्यात गेले की तेच गलबत वर येते. किती वर? दोन बोटे. म्हणून खाडीत रेघेवर दोन बोटे पाणी असले तरी सुतार "दिसते" म्हणे, आणि त्यात काही चुकीचे नव्हते.

त्या बंदरातला सर्वांत मोठा व्यापारी म्हणजे शेठ. त्याचे नाव मी सांगणार नाही. तसे लोक बहुतेक बंदरांत असतात, उगाच एकाचीच बदनामी कशाला?

शेठने पहिल्या वर्षी दोनाची तीन बोटे केली. सुताराने मान हलवली तेव्हा शेठ हसून म्हणाला, "एका बोटाने काय होतंय? समुद्रात गेलं की वर येईल." गलबत सुखरूप परत आले. पुढच्या वर्षी पाच बोटे झाली. तेव्हाही गलबत परत आले. मग शेठने विचारले, "बघा, झालं का काही?" झाले तर काहीच नव्हते.

तिसऱ्या वर्षी पाणी रेघेवर आठ बोटे चढले. म्हाताऱ्या सुताराने रेघेवर हात ठेवला तेव्हा त्याचे मनगट बुडाले. त्या गलबतावर त्याचा थोरला मुलगा तांडेल होता, म्हणजे गलबताचा मुख्य. म्हातारा क्षणभर थांबला. काठावर शेठ उभा होता, सारे गाव उभे होते, आणि आधीची दोन वर्षे काही झाले नव्हते. तो म्हणाला, "दिसते."

गलबत खाडीच्या तोंडाबाहेर दीड कोसावर बुडाले. वादळ नव्हते, नुसता वारा होता. अकरा माणसे गेली. लोक म्हणाले, समुद्राने नेले. एकटा म्हातारा सुतार भेटेल त्याला सांगत सुटला, "समुद्राने नाय रे, मी नेले." ऐकणाऱ्यांना कसेसेच होई आणि ते वाट बदलत.

त्यानंतर म्हाताऱ्याने चुन्याच्या भांड्याला हात लावला नाही. पण चुना किती, तेल किती, रेघ कुठे, हे घरात आणखी एका माणसाला ठाऊक होते. ती त्याची सून, आवडी. बुडालेला तांडेल तिचा नवरा. सासऱ्याच्या हाताखाली तिने वर्षानुवर्षे चुना खलला होता. पंचांनी नाके मुरडली, पण दुसरे कोणी नव्हते, म्हणून काम तिच्याकडे आले.

पुढच्या वर्षीची नारळी पौर्णिमा झाली. समुद्राला नारळ वाहून झाले आणि बंदर मोकळे झाले. शेठला घाई होती, कारण पावसाळ्यानंतर जे गलबत पहिले पोहोचते त्याचा माल हातोहात जातो. घाटावरून आलेल्या गुळाच्या ढेपी त्याने गलबतात खच्चून भरल्या. या गलबताचा तांडेल होता आवडीचा धाकटा दीर. म्हाताऱ्याचा हा उरलेला एकच मुलगा.

आवडी होडी वल्हवत गलबताजवळ गेली. तिने पाण्यात हात घातला आणि रेघ चाचपली. मनगट बुडाले.

"दिसत नाय," ती म्हणाली.

काठावर कुजबुज झाली. शेठ समजुतीच्या सुरात म्हणाला, "अगं, गोडं पाणी आहे हे. समुद्रात गेलं की गलबत वर येतं, तुझ्या सासऱ्याला विचार."

"दोन बोटं येतं, शेटनू. हे आठ बोटं बुडालंय. उरलेली सहा बोटं कोण वर काढणार?"

"एवढी वर्षं काय झालं?"

"गेल्या वर्षी झालं," आवडी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण काठावरच्या बऱ्याच माणसांनी माना खाली घातल्या.

दीर गलबताच्या कठड्यावरून वाकला. हलक्या आवाजात म्हणाला, "वयनी, 'दिसते' बोल की गे. शेट दुसरा तांडेल बघंल. आमी खाणार काय? आमी सांभाळून जाऊ."

"तुझा दादा काय बेसावध होता, भावजी?"

आवडीने आपल्या होडीचा दोर गलबताच्या नांगराच्या दोराला बांधला आणि ती तिथेच बसून राहिली. खाडीतून गलबत फक्त भरतीलाच बाहेर पडते. ती भरती गेली. ओहोटी लागली, गलबत चिखलाला टेकले, ऊन डोक्यावर आले. जाऊबाईने काठावरून हाका मारल्या, पंचांनी धमक्या दिल्या, कुणी म्हणाले बाईचे डोके फिरले आहे. आवडी हलली नाही. ती रागावलेली नव्हती. तिने ठरवले होते, एवढेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तो काय! गलबताच्या पलीकडल्या अंगावर, आवडीच्या नजरेआड, रात्रीतून ओढलेली एक नवीकोरी रेघ, जुन्या रेघेच्या आठ बोटे वर. शेठ मिशीला पीळ देत म्हणाला, "आता तरी दिसते ना?"

आवडीने होडी तिकडे वळवली, नव्या रेघेवर तळहात ठेवला आणि तो उचलून सगळ्यांना दाखवला. तळहात पांढरा झाला होता. "ओली आहे अजून," ती म्हणाली. खलाशी खो खो हसले. शेठचा चेहरा पडला, आणि पडलेला चेहरा लपवायला तो ओरडला, "मग माझा कारकून म्हणेल 'दिसते'! तुझ्यावाचून काय अडलंय?"

कारकून पुढे आला. पाणी पाहून मागे सरला. शेठने डोळे वटारले तेव्हा पुन्हा पुढे आला.

तेव्हा आवडी उभी राहिली. होडी डगमगली, पण ती सावरून उभी राहिली आणि काठावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलली.

"शेटनू, मी चुकत असेन. बाईमाणूस, गलबत घेऊन कधी बाहेर गेले नाय. तुमी म्हणता समुद्रात गेलं की वर येतं. चला तर, खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन बघू. तुमी गलबतावर बसा, मी पण येते. तिथं रेघ दिसली तर मी ओरडून सांगेन आणि सगळ्यांसमोर तुमच्या पाया पडेन. परत यायला माझी होडी मागं बांधू."

आता शेठची पंचाईत झाली. नाही म्हणावे तर का नाही, हे सांगावे लागणार. सारे गाव त्याच्याकडे बघत होते. त्याने धोतर सावरले, देवाचे नाव घेतले आणि तो गलबतावर चढला. चढताना म्हणाला, "तोंडापर्यंतच हं."

आवडीने नांगराचा दोर मोकळा केला, होडी मागे बांधली आणि ती गलबतावर चढली. भरतीबरोबर गलबत निघाले. खाडीत पाणी शांत होते. शेठ ढेपींच्या राशीला टेकून बसला आणि कारकुनाला पान लावायला सांगू लागला, तेव्हा त्याच्या लक्षात आले की कारकून काठावरच राहिला आहे.

खाडीच्या तोंडाशी खारे पाणी लागले. गलबत वर आले. दोन बोटे. तेवढेच.

मग समुद्राची पहिली लाट आली. ती मोठी नव्हती. रिकाम्या गलबताला तिने नुसते हलवले असते. पण हे गलबत उचललेच जाईना, आणि लाट सरळ कठड्यावरून आत आली. शेठचा पानाचा डबा, पगडी आणि धीर तिन्ही वाहून गेले. दुसरी लाट आली. गुडघाभर पाणी साचले. खलाशी बादल्यांनी उपसू लागले, पण उपसले त्याहून जास्त आत येत होते. तिसऱ्या लाटेला गलबत एका अंगावर कलले आणि सावकाश, फार सावकाश, सरळ झाले.

शेठची पाचावर धारण बसली. डोलकाठीला मिठी मारून तो किंचाळला, "अरे, बघता काय? काहीतरी करा!"

सुकाणूला छाती लावून धरणारा तांडेल म्हणाला, "माल कमी करायला हवा. तुमी बोला, शेटनू. तुमच्या हुकमाशिवाय मालाला आमी हात लावत नाय."

"फेका!" शेठ ओरडला. "फेका सगळं! आधी माणसं वाचवा!"

आणि नुसता ओरडून तो थांबला नाही. डोलकाठी सोडून त्याने स्वतः ढेप उचलली आणि पाण्यात लोटली. मग दुसरी, मग तिसरी. आयुष्यात कधी तांब्या न उचललेला माणूस, पण त्या दिवशी त्याच्याइतक्या ढेपी कुणी फेकल्या नाहीत. खाडीच्या तोंडाशी त्या दिवशी मासे गोड लागले असतील.

एकेक ढेप गेली तसे गलबत वर येऊ लागले. लाटा आल्या, पण आता गलबत त्यांच्यावर चढू लागले. आवडी मागे बांधलेल्या होडीत उतरली, दोर धरून गलबताच्या अंगाशी आली आणि तिने रेघ पाहिली. ती जुनीच रेघ, तिच्या सासऱ्याने ओढलेली. पाणी तिच्याखाली लागत होते.

"दिसते!" ती ओरडली. शब्द साऱ्यांना ऐकू गेला. तांडेलाने शीड सोडले.

शेठला होडीत उतरवले आणि गलबत पुढच्या वाटेला लागले. आवडी वल्ही मारत होती. शेठ ओलाचिंब होऊन समोर बसला होता. मग खाली बघतच त्याने विचारले, "गेल्या वर्षी... त्यांचंही असंच झालं असेल?"

"असंच झालं असेल."

"मग त्यांनी माल का नाही फेकला?"

आवडीने वल्ही थांबवली. "हुकूम देणारा गलबतावर नव्हता, शेटनू. तुमी काठावर होता."

शेठने तोंड ओंजळीत लपवले. आवडीने पुन्हा वल्ही मारायला सुरुवात केली, कारण ओहोटी लागायच्या आत काठ गाठायचा होता.

दोन महिन्यांनी ते गलबत परत आले. म्हातारा सुतार काठीच्या आधाराने काठावर आला होता. त्याने उतरणारी माणसे एकेक करून मोजली. अकरा होती. धाकट्याने त्याच्या पायांना हात लावला तेव्हा तो हुंदके देऊन रडला, आणि त्यातले अर्धे रडणे थोरल्यासाठी होते, हे कुणाला सांगावे लागले नाही.

त्या वर्षापासून बंदरात जुन्या रितीला आणखी एक रीत जोडली गेली. ज्याचा माल, त्याने गलबतावर बसून खाडीच्या तोंडापर्यंत जायचे, आणि तिथे रेघ दिसल्यावरच उतरायचे. शेठ त्यानंतर साधूसंत झाला का? छे! पुढेही तो आवडीशी एकेका गोणीसाठी वाद घालीच. पण गलबतावर चढायची वेळ आली की तो स्वतः चार ढेपी उतरवायला सांगे. त्या बंदराची गलबते पुढे कित्येक वर्षे बुडाली नाहीत, आणि "समुद्राने नेले" हे शब्द गावात कुणी सहज उच्चारीनासे झाले.

तात्पर्य: दुसऱ्याच्या जिवावर किती भार घालावा हे ठरवायचे असेल, तर आधी त्याच्याशेजारी जाऊन बसावे.