फळीवरचा पेला

प्रवरेच्या काठी एका गावात करुणाबाई साळवे नावाच्या बाई राहत होत्या. दर गुरुवारी ऊन उतरलं की त्यांच्या ओसरीवर आठ ख्रिस्ती घरांतली माणसं प्रार्थनेला जमत. गाणी होत, वचन वाचलं जाई, मग चहा येई. चहाबरोबर गावच्या बातम्याही येत, कारण तासभर डोळे मिटून बसलेल्या माणसाला डोळे उघडल्यावर बोलावंसं वाटणारच. यजमान वारल्यापासून करुणाबाईंचा सगळा जीव या गुरुवारात होता. शुक्रवारी सकाळी घर खायला उठे, आणि बुधवारी ओसरी सारवायला घेतली की बाईंच्या अंगात पुन्हा बळ येई.

अकरा वर्षं हे असं छान चाललं. मग एकदा तालुक्याच्या चर्चचे पाळकसाहेब आले आणि जाता जाता सहज म्हणाले, "तुमच्या या सभेचं पुढं काय करायचं ठरवलंय?"

तोवर पुढं काही करायचं असतं हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. पाळकसाहेब मोटारसायकलवरून निघून गेले आणि त्यांचा प्रश्न मात्र ओसरीवर मुक्कामाला राहिला. शेवटी असं ठरलं, की महिनाभर सगळ्यांनी आपापल्या घरी प्रार्थना करावी आणि प्रभूची इच्छा काय ती विचारावी.

प्रभूची उत्तरं लगेच आली. शद्रकमामा गवंडी होते. त्यांना उत्तर मिळालं, की प्रार्थनाघर बांधा. लांबी-रुंदीसुद्धा सांगितली म्हणे. सिलासगुरुजींची बदली तालुक्याच्या शाळेत झाली होती; त्यांना उत्तर मिळालं, की तालुक्याच्या मोठ्या मंडळीत सामील व्हा. करुणाबाईंनी गुडघे टेकून, डोळ्यांत पाणी आणून विचारलं. त्यांना उत्तर मिळालं, की आहे ते उत्तम आहे, ओसरी सोडू नका. ज्याच्या मनात जे होतं तेच नेमकं त्याला वरून सांगितलं गेलं, आणि याचं कुणालाही नवल वाटलं नाही. उलट प्रत्येकाला दुसऱ्याच्याच प्रार्थनेत खोट दिसायला लागली.

त्यातच गाणी बिघडली. सुरुवात झाली की एक जण पुढे पळे, दुसरा मागे रेंगाळे, आणि तिसरं कडवं येईपर्यंत सगळ्यांचा दम संपे. "मंडळीत एकी नाही, त्याचं हे लक्षण," गुरुजी गंभीरपणे म्हणाले. मग सगळ्यांनी एक दिवस उपास केला. तरी गाणं काही उभं राहीना.

खरं कारण अगदी साधं होतं. ढोलकी वाजवणारा योना येत नव्हता. त्याच्या वडिलांना, येसूबांना, अर्धांगवायूचा झटका आला होता आणि योना त्यांच्या उशाशी बसून होता. हे सगळ्यांना ठाऊक होतं. सभा संपताना "जे येऊ शकले नाहीत त्यांना आशीर्वाद दे" असं न चुकता म्हटलं जाई, सगळे जोरात आमेन म्हणत, आणि लगेच पुढच्या वाटेवरून भांडायला बसत.

चौथ्या गुरुवारी निकाल लागायचा होता. तो काय लागणार, हे करुणाबाईंना आधीच कळलं होतं. शद्रकमामा आणि गुरुजी एकमेकांवर इतके चिडले होते, की दोघांनी वेगवेगळं येऊन बाईंच्या कानात एकच गोष्ट सांगितली होती: त्याचं खरं होण्यापेक्षा तुमची ओसरीच बरी. बाईंच्या मनात लाडू फुटत होते. आज त्यांनी चहात वेलदोडेही घातले होते.

कप मांडताना त्यांचा हात फळीवर गेला. तिथे योनाचा पितळी पेला पालथा पडला होता. कपभर चहा योनाला पुरत नसे, म्हणून बाईंनी तो खास त्याच्यासाठी ठेवला होता. पेल्यावर धूळ बसली होती. बुधवारी सगळं घर लख्ख करणाऱ्या बाईंना चार आठवडे ती दिसली नव्हती.

त्यांनी पदराने पेला पुसला आणि परत ठेवून दिला. आज नको, त्यांनी स्वतःला समजावलं. आज एकदाचं ठरू दे, योनाकडे पुढच्या गुरुवारी जाऊ. कारण सभा एकदा इथून उठली, की परत याच ओसरीवर बसेल याची खात्री कुणी द्यावी? पण पदराला लागलेल्या धुळीकडे त्यांचं लक्ष गेलं. बाईंना स्वतःचाच भयंकर राग आला. त्या चहा तिथेच ठेवून बाहेर आल्या.

"गुरुजी, ठरवायचं ऱ्हाऊ द्या. योना चार गुरवार झालं आला न्हाई."

"त्याच्यासाठी आपली प्रार्थना चालूच आहे, बाई."

"ती इथं चालू हाय. त्यो कॅनॉलच्या पल्याड हाय. आपण प्रभूला वाट इचारतोय, अन् योनाच्या मळ्याची वाट तर आपल्याला ठावं हाय."

 मग शद्रकमामा हळूच म्हणाले, "मंग आजची सभा?"

"तिकडंच," करुणाबाई म्हणाल्या. त्यांनी चहा किटलीत ओतला, दाराला कडी घातली आणि सगळ्यांच्या पुढे चालू लागल्या.

कॅनॉल ओलांडला तशी ढोलकी ऐकू आली. योना अंगणात बापाच्या खाटेजवळ बसून हळू हळू वाजवत होता आणि त्याची बायको व दोन पोरं गात होती. एवढी माणसं पाहून तो ओशाळला. "गुरवार हाय ना," तो म्हणाला. "बाबांना ठेका ऐकल्याबिगर करमत न्हाई."

येसूबांची वाचा महिनाभर बंद होती. त्यांनी एकेकाकडे टक लावून पाहिलं. मग त्यांचा उजवा हात गोधडीतून वर आला, ओठ वाकडे झाले, आणि मोठ्या कष्टाने एक शब्द बाहेर पडला.

"ब... बसा."

योनाची बायको हसायला आणि रडायला एकदमच लागली. करुणाबाई मटकन खाली बसल्या. अकरा वर्षांत त्या कधी सभेत नीट बसल्याच नव्हत्या, त्यांचा एक डोळा कायम चुलीकडे असे. आज योनाच्या बायकोने त्यांच्या हातात चहा दिला आणि त्यांनी तो आरामात फुंकून फुंकून घेतला. गाणं तर असं उसळलं, की शेजारच्या मळ्यांतली माणसं काय झालं म्हणून धावत आली, आणि काही झालेलं नाही हे कळल्यावरही परत गेली नाहीत.

पुढच्या गुरुवारी तिथेच जायचं ठरलं. त्याआधी शद्रकमामांनी एक दिवस खर्चून येसूबांना टेकून बसता येईल असा ओटा अंगणात बांधून दिला. मग एकीचे पाय सुजले होते, तिच्याकडे सभा गेली. मग नवीन बाळंतिणीकडे. करुणाबाईंची पाळी आता कित्येक आठवड्यांनी येई. पण शुक्रवार उगवला की घराला खायला उठायला सवडच नसे, कारण योनाची बायको कांद्याच्या कामावर गेली की येसूबांजवळ बसायला त्यांनाच जायचं असे. येसूबा आता त्यांच्याशी दोन-दोन शब्दांनी भांडतही.

महिन्याने पाळकसाहेब आले. "मग, काय ठरवलं पुढचं?" त्यांनी विचारलं.

"ठरवायला येळच मिळाला न्हाई, साहेब," शद्रकमामा म्हणाले. "जाण्यातच गुरवार संपत्यात."

पाळकसाहेब मोठ्याने हसले, आणि येत्या गुरुवारी कुणाच्या घरी यायचं ते त्यांनी विचारून घेतलं.

तात्पर्य: देवाला वाट विचारताना आपलीच इच्छा त्याच्या तोंडी घालू नये, आपल्यातलं कोण आलं नाही ते पाहून त्याच्याकडे चालू लागावं, पुढची वाट तिथूनच सापडते.